एक दार, लाकडी

मी बेलिफ, विनेबा कोर्टाचा.
निकाल देणारे वेगळे, ते वर पंख्याखाली बसतात.
माझ्याकडे पकड, हातोडी, दोन हमाल
आणि कार्बन घातलेली नोंदवही.

त्या सोमवारी आम्ही आराबा बेन्त्सिवाच्या दारात उभे.
दावा नवऱ्याच्या भाच्याचा, एकोव बैडूचा.
आमच्या किनाऱ्यावर घर आईच्या रक्ताकडे वळतं,
मामाकडून भाच्याकडे, पाणी उताराला जातं तसं.
ती म्हणत होती, विटा माझ्या आहेत,
तीस वर्षं हेरिंग भाजून
एकेक वीट धुरातून काढलीय.
न्यायाधीशांनी धूर पुराव्यात धरला नाही.

हमालांनी आधी दार काढलं.
शिरस्ताच आहे तसा. दार गेलं की
माणूस भांडायचं सोडून भांडी आवरायला लागतं.
मी लिहिलं:
१. एक दार, लाकडी, ओडुमचं. बिजागऱ्या तीन, पैकी एक गंजलेली.
वेळ दहा चाळीस.

अकरा वीसला मोटारसायकलवरून
तिच्या वकिलाचा कारकून आला, हेल्मेटमध्ये घामाघूम,
शर्टाच्या आतून कागद काढला.
अपिलाचा निकाल होईपर्यंत अंमलबजावणीस स्थगिती.
उभय पक्षांनी मिळकत जैसे थे ठेवावी.
सही सव्वादहाची.

आता सांगा.
सव्वादहाला दार चौकटीत होतं,
कागद माझ्या हातात पडला तेव्हा अंगणात.
जैसे थे, म्हणजे कुठल्या घटकेचं जैसे?
कारकुनाला विचारलं. त्याने पुन्हा हेल्मेट घातलं.
भाचा म्हणाला, स्क्रूला हात लावाल तर अवमान.
वकील फोनवर म्हणाला, परत बसवलं नाहीत तर अवमान.
चेंबरला फोन केला,
साहेब जेवायला गेले होते.
हमालांनी मजुरी मागितली:
काढायची अर्धी, न काढायची अर्धी.

बाई काही बोलली नाही.
दोन रिकामी पिंपं ओढून आणली,
दार एकटीने उचलून त्यांवर आडवं टाकलं
आणि वर मासळी पसरली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार.
मंगळवारी आमच्याकडे समुद्राला सुट्टी,
एक होडी पाण्यात उतरत नाही.
जाळी वाळूवर, माणसं होड्यांच्या सावलीत
सोंगट्या खेळत.
ही स्थगिती कुणी मागितली होती,
कुठल्या कोर्टात, किती दिवसांची,
म्हाताऱ्यांनाही आठवत नाही. पाळतात.
आराबा म्हणजे मंगळवारी जन्मलेली मुलगी.
मला हे त्या दिवशीच सुचलं, वही बंद असताना.

फाईल केप कोस्टला गेली.
तारीख, मग तारीख, मग न्यायाधीशांची बदली.
तिसरं वर्ष आहे.
चौकटीत तिने फुलाफुलांचा पडदा लावलाय;
आदेशात पडद्याबद्दल काही नव्हतं.
छप्पर गळतं, पत्रा बदलू म्हटलं तर भाचा अर्ज टाकतो.
त्याचंही लग्न अडलंय.
मुलगी म्हणते, आधी घर.
कागदावर स्थगिती एकाच्या विरुद्ध लिहितात,
गावात ती दोघांना लागते,
आणि थोडी मला.
वहीत त्या पानावर क्रमांक दोन कोरा आहे,
पान फाडता येत नाही, पुरंही करता येत नाही.

परवा तिच्याकडे मासे घ्यायला गेलो.
भाव चढा सांगितला. घासाघीस केली नाही.
दाराची लाकडं आता काळी, तेलकट,
बिजागरीच्या खाचेत खवले.
बसवायचं ठरलं तरी चौकट त्याला ओळखेल का कोण जाणे.
तिने चार हेरिंग मोजले, एक वर टाकला,
कागदात गुंडाळून दिले.

घरी येऊन सोडलं तर आत निळं अक्षर,
कार्बनची प्रत,
तेलाने अर्धी विरघळलेली.
माझंच अक्षर. १. एक दार, ला