पिशवी

पिशवी काढावी लागली तरी हरकत नाही
असं छापलेल्या कागदावर गोरखनं सही केली.
सातपूरहून तसाच आलेला, हाताला कूलंटचा वास.
एवढंच विचारलं म्हणे, "ती राहील ना?"

मी थंडीत होते. भर मे महिन्यात.
माझंच काहीतरी खाली वाहत होतं
आणि कुणी ओरडत होतं,
द्वारकेला माणूस पाठवा, अजून दोन बाटल्या.

धारणकर मॅडमनी काढली नाही.
बांधली.
लेकराच्या चड्डीला खांद्यावरून पट्टे लावतात
तसा दोरा घेतला दोन्हीकडून, आणि आवळला.
मी शिवणारी, म्हणून नंतर
पेन्सिलीनं काढून दाखवलं केसपेपरच्या मागे.
"हा दोरा विरघळतो."
"मॅडम, अशा दोऱ्यानं शिवलं तर
माझं गिऱ्हाईक भांडायला येईल."
त्या हसल्या. मला टाके ओढले, हसता आलं नाही.

चार वर्षं.
शालिमारच्या चिवडेवाल्याच्या कापडी पिशव्या,
शेकड्यावर मजुरी.
दर गठ्ठ्यातली एक
पाच किलोचं माप घालून खुंटीला टांगते रात्रभर,
सकाळी बंद बघते, मगच माल जातो.

हिला कुठं टांगू?
पाळी परत आली त्या दिवशी
न्हाणीत नळ धरून बसले होते,
थांबेल का, मोजत.
थांबली. चौथ्या दिवशी, शहाण्यासारखी.
सोनोग्राफीत मॅडम म्हणाल्या, छान भरून आलंय.
पण भरल्याशिवाय कळत नाही,
हे त्यांनाही ठाऊक, मलाही.

आता आठवा.
तारीख आधीच धरलीय, मोठ्या दवाखान्यात,
रक्तपेढी खालच्याच मजल्यावर.
सात बाटल्यांतलं एकच नाव मला माहीत:
नाझीमभाई, द्वारकेचे रिक्षावाले.
त्यांनी कॅलेंडरवर गोल केलाय,
आणि तीन महिने झाले, दुसऱ्या कुणाला रक्त दिलेलं नाही.

शर्वी पोटाला कान लावते.
"मी ह्याच पिशवीत होते?"
"ह्याच."
"ती फाटली होती ना?"
"फाटली नव्हती गं. दमली होती."
"मग आता?"

खुंटीखालचं माप ती दोन्ही हातांनी उचलू बघते.
मला वजन उचलायला मनाई आहे.
ठेव, म्हणते. पायावर पडेल.