शेरा

देवनारच्या कारखान्यात, तीन नंबरच्या बाकावर
गावांचे फोन परत यायचे.
गोणपाटात गुंडाळलेले, सुतळीनं बांधलेले,
मानेला पुठ्ठ्याची चिठ्ठी :
गाव, तालुका, बसवल्याची तारीख, तक्रार.
शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो माझा.

मार्चअखेर जवळ आली की गावं वाढायची.
साहेब भिंतीवरच्या नकाशात टाचण्या टोचायचे,
लाल म्हणजे मंजूर, हिरवी म्हणजे बोलतं गाव.
एकदा हिरव्या संपल्या
तर तांडेलबाईंनी पदराची पिन काढून दिली.
त्या पिनेखाली कुठलं गाव होतं
आता कुणालाच आठवत नाही.

मी स्क्रू काढत जायचो.
एकात कुंभारमाशीचं घर, एका खोलीचं, नीट लिंपलेलं.
एकाच्या डायलमध्ये हळदकुंकू घट्ट बसलेलं,
सातच्या भोकात अक्षता.
एकाच्या तळाला सरपंचाचं नाव कोरलेलं
आणि पुढच्या सरपंचानं ते खरवडलेलं.
मी लिहायचो : कीटक. गंज. ओल. वीज पडली.
एका शब्दात गाव बसवायची
सवय लागते हाताला.

मग वाघशीळचा आला.
तक्रार पोस्टमास्तरांच्या ठळक अक्षरात :
‘यंत्रात एक बाई बोलते.
आमचा माणूस बोलत नाही.’

उघडला. आत लख्ख.
घंटा वाजवली, शेजारचा फर्नांडिस दचकला.
बंद केला, पुन्हा उघडला.
दोष सापडत नाही तेव्हा
माणसाला आपल्याच डोळ्यांचा राग येतो.
मग तळाला खळीनं चिकटवलेला कागद दिसला,
सहा आकडी नंबर, सगळे मुंबईचे :
शिगवण, घोडपदेव, किराणावाल्याकडे निरोप.
मोहिते, लाकडाची वखार, दुपारी दोननंतर.
अनसूया, नर्सबाईंच्या क्वार्टरात,
फक्त मरण असेल तर.

जेवणाच्या सुट्टीत मी शेवटचा फिरवला.
आणि ती बाई बोलली.
गोड, न थकता, इंग्रजीतून, मग हिंदीतून :
हा क्रमांक बदललेला आहे.

त्या वर्षी शहर आधुनिक होत होतं.
नवं एक्स्चेंज, नारळ, फीत,
जुन्या नंबरांपुढे वाढलेला एकेक आकडा.
पेपरात अर्धं पान जाहिरात होती.
वाघशीळला पेपर येत नव्हता.
फोन आला होता.

मी आकडा वाढवून पुन्हा फिरवला.
कुणीतरी म्हणालं, थांबा हं, बोलावते.
जिना उतरणाऱ्या चपला. धापा.
मग थेट :
‘कोण गेलं?’

कुणी नाही बाई.
टेलिफोन खात्यातून बोलतोय. लाइन तपासतोय.

ती गप्प. मागे कुकरची शिट्टी झाली.
‘कुठली लाइन?’
वाघशीळची.
बराच वेळ नुसता श्वास.
‘मग तपासा की अजून जरा,’ म्हणाली.

डबा तसाच राहिला त्या दिवशी.
कागदावर तिन्ही नंबरांपुढे
मी शाईनं एकेक आकडा लिहिला,
‘फक्त मरण असेल तर’ हे खोडावं की नाही
ठरेना, ते माझं काम नव्हतं.
सुतळी बांधली.

शेरा : दोष यंत्रात नाही.
साहेबांनी ‘यंत्रात’ हा शब्द काटला.
म्हणाले, रकाना लहान असतो.