उजेडाचे महिने

आमच्या कुह्मोत मे महिन्यात तारे रजेवर जातात.
रात्र होते, पण नावापुरती.
साडेबाराला तळ्याकाठी पेपर वाचता येतो,
आणि डास पुढचं पान उलटू देत नाहीत.

म्हणून आरसा घासायचा तो उन्हाळ्यातच,
असं ओस्मो म्हणतो.
चाळीस वर्षं त्याने बर्फ सारणारी गाडी चालवली.
आता त्याच्या सॉनाच्या बाहेरच्या खोलीत
पाण्याने भरलेलं एक पिंप आहे,
पिंपावर काचेची चकती, तिच्यावर दुसरी,
आणि दोघींच्या मध्ये ओली काळी भुकटी.

पुढे ढकल, मागे ओढ. चकती जराशी फिरव.
पिंपाभोवती एक पाऊल टाक.
पुढे ढकल, मागे ओढ.
जातंच हे, फक्त पीठ कुणाला नको असलेलं.
वरची हळूहळू खोलगट होत जाते,
खालची तेवढीच फुगत जाते.
दोन सपाट गोष्टी फार दिवस एकमेकींवर घासल्या
की त्यांचं असं होतं.
मी सव्वीस वर्षं संसार केला,
मला हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

जूनअखेर खोली भरली दोन मिलिमीटर.
वीतभर काचेत, दोन मिलिमीटर.
ओस्मोने पट्टी लावून पाहिलं
आणि कॉफी ठेवली.

मग बारीक भुकटी, मग त्याहून बारीक.
दर पायरीला बादल्या, लादी, नखं, सगळं धुवायचं.
मी सगळं धुतलं. स्वेटरची बाही राहिली.
त्या बाहीत जाड भुकटीचा एक कण
तीन आठवडे दबा धरून बसला होता.

आवाज करकरीचा नव्हता. बारीक शीळ घातल्यासारखा.
ओरखडा बोटाच्या पेराएवढा.
ओस्मो गप्प राहिला.
गाडी बर्फात रुतली की असाच गप्प होत असणार.
"दोन पायऱ्या मागे जा, राउनी," शेवटी म्हणाला,
"नाहीतर राहू दे."
मी मागे गेले. नऊ दिवस.
ओरखड्याचं शेपूट तरीही उरलंच.

पॉलिशला डांबर लागतं, पाइनचं.
ओस्मोच्या आजोबांनी ते इथल्याच जंगलात
खड्ड्यात झाडं जाळून काढलं होतं,
कधी न पाहिलेल्या जहाजांसाठी.
त्यातला एक डबा माळ्यावर होता.
आम्ही मेण घालून आटवलं, थंड करून चावून पाहिलं:
तडकलं तर कडक, दाताला धरलं तर मऊ.
दोन दिवस माझ्या पावाला जहाजाची चव होती.

ऑगस्टात परीक्षा.
खिडकीला घोंगडी. आठ फुटांवर बारीकसा दिवा,
दाढीचं पातं, पात्यामागे माझा डोळा.
पातं सरकलं की काच राखाडी होते
आणि तिच्यातले चढउतार दिसायला लागतात.
केसाच्या जाडीचे हजार भाग करा,
त्यातला एक भाग तिथे टेकाड होऊन उभा असतो.

"थांब, गंमत दाखवतो," ओस्मो म्हणाला,
आणि काचेवर अंगठा टेकवून वीसपर्यंत मोजलं.
उचलला. तिथे एक टेकडी होती,
गोल, नुसत्या उबेची.
आम्ही ती बसेपर्यंत बसून राहिलो.
पाच मिनिटं. सात असतील.
त्याचा हात हल्ली कापतो, हे मला माहीत आहे,
आणि मला माहीत आहे हे त्याला.
काचेला तो तेवढंच सांगून आला
की तो गरम आहे.

मुलामा चढवायला आरसा दक्षिणेला गेला.
पोस्टातल्या मुलीने विचारलं, आत काय आहे?
म्हटलं, खळगा. नीट ने.

सप्टेंबरात अंधार परत आला, थोडा बुजत.
पुठ्ठ्याच्या नळीत, जुन्या गाडीच्या बेअरिंगवर,
पहिला धरला अभिजित.
आधी थरथरला, मग टाचणीच्या टोकाएवढा झाला.
ओस्मो बघत राहिला आणि माझी पाळी विसरला.
ओरखडा कुठेच दिसला नाही.
तो काठापासून तीन बोटं आत आहे, डावीकडे.

खालची फुगलेली चकती मी घरी आणली,
तीनदा उकळली. बाहीसुद्धा धुतली.
आता ती खारवलेल्या अळंब्यांवर दडपण म्हणून आहे.
यंदा छान मुरतायत.