चार नंबरचा विळा

साकोलीच्या अलीकडे डावीकडे वळलं की
तळ्याच्या पाळीखाली उरकुडा खात्याची भट्टी.
तिथवर मी नेली माझी सतरा किलोची पेटी,
आणि लाईन गेलेली,
म्हणून सरपंचाच्या भाच्याकडून मागून आणली
ट्रॅक्टरची बॅटरी.

धान कापणीचे दिवस.
भिंतीला टेकवलेले सहा विळे, खडूने नंबर घातलेले.
दोन ट्रकच्या पाट्याचे, एक रुळाच्या तुकड्याचा,
बाकी कशाचे ते उरकुडालाच ठाऊक.

आमच्या कॉलेजात पोलादावर हिऱ्याचं टोक दाबतात.
खड्डा जितका लहान तितकं ते कठीण.
माझी पेटी दाबत नाही.
ती सेकंदाच्या अब्जाव्या हिश्शातले
पाच-सहा हिस्से प्रकाश टाकते,
आणि पात्यावर टक् करून उठते
मोहरीहून बारीक, निळसर पांढरी ठिणगी.
तिचे रंग मी सुटे करते.
ती शिरगणती असते, लोखंडाच्या अणूंची:
किती धडधाकट सुटले,
कितींनी आपला एक इलेक्ट्रॉन गमावला.
पृष्ठभाग कठीण, तर गमावणारे जास्त.

हे सांगितलं तर उरकुडा म्हणाला,
'म्हंजे मंडईतून कितीक जन खिसा रिकामा करून आले
त्याच्यावरून मंडई कशी भरली ते समजते, तसं?'
मी हो म्हटलं.
याहून बरं मला मुलाखतीतही सांगता आलं नव्हतं.

त्याने हिरवा चष्मा लावला, काढला,
माझ्याआधी आपली यादी दिली.
विळा नखाने वाजवायचा, कानाशी धरायचा,
धारेवरून कानस एकदाच, हलकी.
'दोन. पाच. मंग चार. एक, सहा.
तीन नंबर कोनाले देऊ नका,
त्याचं पानी मोरपिसाच्या पुढं गेलं,
मी तंबाखू मळत होतो.'

तास दीड तास टक् टक्.
शेळी दोनदा येऊन वास घेऊन गेली.
माझी यादी त्याच्या यादीसारखीच निघाली,
फक्त चार नंबर सगळ्यांच्या वर.

मी तो परत तपासला. परत वर.
उरकुडाने विळा घेतला, वाजवला, खाली ठेवला.
'वरतून कडक हाये. आंदर नाई.'
मग भात्याच्या पंख्याकडे न बघता,
'हा बेबीनंदानं ठोकला.'

पंखा फिरवणारा हात थांबला नाही.
'भट्टी इझली होती, मामाजी.
पोरगं रडत होतं. मी थंड्यावरच ठोकत रायली.'
'कितीक येळ?'
'तो झोपला तवरीक.'

माझा प्रकाश किती खोल जातो
हे मला त्या क्षणी आठवलं:
केसाच्या जाडीएवढाही नाही.
आकडा खोटा नव्हता.
म्हातारा पण खोटा नव्हता.
वहीत दोघांसाठी एकच रकाना.

मी दहा शॉट ठरवले होते, तीन झाले होते.
बॅटरीची तार घट्ट करून वळले
तर भिंतीला पाच विळे.
पदर खोचलेली एक बाई
पाळीवरून झपाझप उतरत होती,
बेबीनंदा नोटा मोजत होती, एकशे ऐंशी,
आणि खडूची भुकटी तिच्या बोटाला.

'नमुना होता तो,' मी म्हटलं.
'तिले आजच पायजे होता,' ती म्हणाली.

शेरा: नमुना क्रमांक चार उपलब्ध नाही.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या,
वाकलेल्या बाया, कलतं ऊन.
मी गाडी हळू केली.
पाती उठत होती, चमकत होती,
इतक्या लांबून सगळी सारखी.
त्यातल्या एकावर धारेपासून बोटभर आत
माझे तीन ठिपके.
पुढच्या हंगामात ती पाजवायला आणेलच.
तेव्हा उरलेले सात.