एकास बारा

क्षेत्रीय कार्यालयाच्या दारात
फरीदा मुजावर टेपचं टोक धरते,
मी चाकं मागे घेत जातो.
उंची अठरा इंच. लांबी सात फूट.
शिपाई म्हणतो, रॅम्प आहे की, परवाच केलाय.
आहे.
पर्वतीलाही चढ आहे.

मी फरशी बसवायचो.
बालेवाडीच्या टॉवरांत शंभरेक न्हाणीघरांना
ढाळ दिला ह्या हातांनी,
पाणी कुठे तुंबलं नाही.
पाचव्या मजल्यावरून मात्र मी सरळ आलो,
ढाळ नाही, काही नाही.

अर्जात लिहितो : एकास बारा.
इंचभर चढायचं तर फूटभर वाट हवी.
साहेब म्हणतात, जागा नाही.
जागेत तीन स्कूटर, एक कुंडी,
कुंडीत सिगारेटची थोटकं.
लेखी द्या, म्हणतात,
आम्ही तुमच्या पाठीशी उभे आहोत.
खुर्चीच्या पाठीशी उभं राहिलं
की माणूस हँडल धरतोच.
विचारून धरा, फरीदा म्हणते.

गुरुवारी वॉर्डात.
सुयोग खुटवड, बावीस वर्षं, नवले पुलाजवळ बाइक घसरली.
आई दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागून लिहिते :
दोनला डावी कूस, चारला उजवी, सहाला पाठ,
रात्रीचेही आकडे, गजर लावून.
मी तिला हातात मावेल असा आरसा देतो.
माकडहाडापाशी लाल दिसलं तर दाबून बघा,
पांढरं नाही झालं तर डॉक्टरांना उठवा.
भिडेखातर थांबू नका.

सुयोग छताला विचारतो,
तुम्ही किती दिवसांनी उभे राहिलात?

आपल्या भाषेत सगळं उभंच :
पायावर उभं राहा, इलेक्शनला उभं राहा,
उभ्या उभ्या येऊन जा,
उभा जन्म.

नाही राहिलो, म्हणतो.
एकट्यानं संडासला जायला अकरा महिने लागले.
तो मान भिंतीकडे वळवतो.
आईची नजर : एवढं खरं आजच कशाला?
तिचंही चुकत नाही.

मी ब्रेक काढतो.
दारापर्यंत पोचतो तर भिंतीकडूनच आवाज,
आमच्या घराला पाच पायऱ्या आहेत.

मी खुर्ची वळवतो. एक पायरी केवढी?
आई हवेत वीत धरून दाखवते,
मग बोटं जराशी मिटते, तेवढी नसेल.
पुढे अंगण आहे?
आहे. पण मध्ये शेवगा आहे.

ती वही उघडते,
कोरं पान शोधते.