चि.

सलमानियाजवळच्या प्रयोगशाळेत माझी रात्रपाळी.
उणे एकशे शहाण्णव अंशांवर
एका बाईच्या पेशी झोपल्यात.
बाई जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली.
पेशींना कुणी कळवलं नाही.

नायट्रोजन भरायला इनायत मुकादम येतो,
दाभोळचा. जाड हातमोजे काढत विचारतो,
"ताई, ह्या मरत नाहीत म्हणजे कशा?"
म्हणजे खाऊ घाला, ऊब द्या, एकीच्या दोन होतात.
बाकीच्यांचं कसं,
बुटाच्या नाडीच्या टोकासारखं काहीतरी
दर खेपेला झिजतं, शेवटी उसवतं.
ह्यांचं झिजत नाही.
"मग वरदानच की."

मी गप्प.
इथे जिला अमर म्हणतात
तिलाच वरच्या वॉर्डात कर्करोग म्हणतात.
माझ्या बाबांच्या स्वादुपिंडात
एक पेशी अशीच मरायचं विसरली होती.

इनायतचा हिशेब निराळा.
"आमच्यात सांगतात, कण्याच्या अगदी शेवटी
एवढंसं हाड असतं, माती त्याला खात नाही.
कयामतीला त्यातूनच अख्खा माणूस उगवणार,
पावसावर भाजी उगवते तसा."
बियाणं, मी म्हणते.
"बियाणंच. पेरणारा तो."
मग मीही सांगते, आमच्याकडे सात आहेत,
न मरणारे. त्यातला एक
अजून जखमेला तेल मागत हिंडतो.
इनायत म्हणतो, "तेल इथे पुष्कळ आहे."

शुक्रवारी त्याच्या पिकअपमधून आली गावात गेलो.
घरांच्या मधे मधे मातीचे उंचवटे,
चार हजार वर्षांचे. शेजारी शाळा,
कुंभाराची भट्टी, दोरीवर वाळणारे लहान मुलांचे शर्ट.
प्रत्येक उंचवट्यात एकेक माणूस
गुडघे पोटाशी घेऊन, आईच्या पोटात होता तसा.
उशाशी मडकं. पुढे तहान लागली तर.

संग्रहालयात तर वाडगे होते,
राजवाड्याच्या जमिनीखाली पुरलेले.
वाडग्यात सापाची वेटोळी हाडं
आणि एक मोती.
कात टाकतो म्हणजे मरत नाही, असं वाटलं असेल त्यांना.
मोती लाच म्हणून दिला असेल:
आम्हालाही शिकव.
सापानं मोती ठेवून घेतला.

परतताना इनायतनं पुलावर गाडी हळू केली.
"अम्माचं काही खरं नाही आता.
तिच्या दोन पेशी ठेवता येतील का, ताई?"
ठेवता येतील.
"तिच्यासारख्या असतील?"
हो, अगदी.
"हाक मारतील?"
मुहर्रकचे दिवे पाण्यात लांब होत गेले.

बाबा अचलपूरहून लिहायचे, निळ्या पातळ कागदावर.
चि. मालन हिस अनेक आशीर्वाद.
पुढे पेन्शनचं, दाराच्या कडीचं,
शेजारच्यांच्या भांडणाचं.
पण आधी ते.
एक अक्षर, एक टिंब,
त्यात कोंबून बसवलेलं चिरंजीव.
ना उपास, ना तप, ना टाकी, ना मोती.
चार रुपयांच्या पेनानं
दर पंधरा दिवसांनी ते मला अमर करायचे
आणि खाली स्वतःच्या प्रकृतीबद्दल लिहायचे,
ठीक.

मग भावानं त्यांच्या नावाआधी कै. लावलं.
माझं चि. कुणी काढून घेतलं नाही.
फक्त लिहिणारं कुणी उरलं नाही.

आज भाच्याचा वाढदिवस, पुण्याला.
पाळी संपायला तास आहे.
फोनवर 'चि' उमटवलं तर त्यानं सुचवलं:
चिकन. चिमणी. चिंच.
सगळ्यांना नको म्हटलं, टिंब दिलं,
त्याचं नाव लिहिलं, पाठवलं.

लगेच उत्तर आलं.
थँक्यू मावशी. हे चि. काय आहे?

लिहायला लागले, खोडलं, परत लिहायला लागले.
तेवढ्यात टाकीचा गजर झाला.
पातळी उतरली होती.
इनायतला फोन लावला. लागला नाही.
दाभोळला निघाला असेल.