एडका

व्हिस बेट, जुलै १८६६

होडी उपडी घालून यर्को सांधे भरत होता
तागानं, डांबरानं.
पहिली तोफ वाजली तशा शेळ्या बिथरल्या.

टेकडीवरून धूर तेवढा दिसे,
मधूनच राखाडी पाठी.
गोळे लागत होते नि घरंगळत होते,
पत्र्यावर बोरं पडावीत तसे.
"असं किती वेळ चालायचं?" दोमिना म्हणाली.

मग त्यातल्या एकानं तोफांचा नाद सोडला,
मान खाली घातली
आणि धावला,
एडका धावतो तसा.

दोन मिनिटं. तीनसुद्धा नसतील.

यर्कोला लाकडाचा स्वभाव ठाऊक:
फुटलं तरी जहाज मरता मरता
हातात एक फळी देऊन जातं.
ह्याच्याही पोटात लाकूडच होतं,
पण लोखंडानं त्याला मिठी मारली
आणि सोबत नेलं.
पाण्यावर टोप्या उरल्या.

संध्याकाळी तो वल्हवत जाऊन आला.
आणलेला पोरगा मूठ उघडेना.
दोमिनानं एकेक बोट सोडवलं.
आत काही नव्हतं.

यर्कोच्या होडीत तेव्हापासून
एक फळी असते, खिळा न मारलेली.
गिऱ्हाईक विचारतं, ही राहिली का?
"राहू दे," म्हणतो.